दोरी कुणी वर बांधली?

२०२२च्या पावसाळ्यात मी आमच्या डेपोतल्या एका मेकॅनिकशी भांडले. कारण एवढंच, की घंटीची दोरी कुणीतरी वर बांधली होती. सकाळची कराड-चिपळूण, पाटणपर्यंत माणसं उभी, आणि डबल बेल द्यायला मी हात वर केला तर बोटं दोरीला नुसती लागली. धरता येईना. टाचा उचलून ओढली. परतीला पुन्हा तेच. संध्याकाळी डेपोत जाऊन म्हटलं, "दादा, दोरी जरा सैल सोडा की. बाया पण कंडक्टर असतात." तो गाडीत चढला, दोरी बघितली, खाली उतरला. म्हणाला, "ताई, दोरी आहे तिथंच आहे."

मला वाटलं, अंग झटकतोय. दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी मिळाली, तिचीही दोरी वर. तिसऱ्या दिवशी तिसरी. आठवड्याभरात माझी खात्री झाली, की झाडून सगळ्या गाड्यांच्या दोऱ्या कुणीतरी वर बांधून ठेवल्यात.

दोऱ्या होत्या तिथंच होत्या. मी खाली आले होते. चार सेंटिमीटर. हे कळायला पुढं वर्ष गेलं.

माझ्या आजाराचं नाव प्रायमरी हायपरपॅराथायरॉईडिझम. ते इतकं अवघड आहे, की डेपोतल्या मैत्रिणींना सांगितलं तरी घरी जाईपर्यंत त्याचा 'थायरॉईड' होतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. म्हणजे विचारणारीला लिंक पाठवली की झालं.

मी आता सत्तेचाळीस पूर्ण केलीत. त्यातली चौदा वर्षं गाडीत उभी आहे. त्यामुळं पाय दुखतात, कंबर धरते याचं आम्हाला कुणाला काही वाटत नाही. पण हे दुखणं वेगळं होतं. सांध्यात नव्हतं, हाडात होतं. नडगीवर बोट दाबलं तरी कळ यायची. बरगड्या दुखायच्या. ताप येऊन गेल्यावर अंग मोडून येतं ना, तसं रोजचं, आणि ताप नाही. जिना चढताना मांड्यांत जोर नसायचा, कठड्याला धरून स्वतःला ओढून घ्यावं लागायचं. सासूबाई म्हणायच्या, "चाळिशी उलटली की हाडं बोलायला लागतात. माझी नाही बोलली?" त्यांचीही बोललीच असतील. पण त्या ऐंशीव्या वर्षीही माझ्या आधी जिना चढायच्या.

ज्याला सांगावं तो एकच म्हणायचा, कॅल्शियम कमी पडलं असणार. शेजारीण म्हणाली, नाचणी खा. बहीण म्हणाली, तीळ खा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या, रात्री एक. दुखणं थांबेना तसं सकाळी एक, रात्री एक. मी दीड वर्ष त्या गोळ्या नेमानं घेतल्या. या दीड वर्षात माझ्या रक्तात कॅल्शियम किती आहे ते कुणी मोजलं नाही. मीही विचारलं नाही. हाडं दुखतात म्हणजे कॅल्शियम कमी, हे पावसात छत्री घ्यावी इतकं उघड वाटत होतं.

त्याआधी दोनदा मुतखडा होऊन गेला होता, २०१७ला आणि २०२०ला. पहिल्यांदा कुळथाचं पाणी पिऊन पडला. दुसऱ्यांदा दवाखान्यात जाऊन काढावा लागला. तेव्हा त्या डॉक्टरांनी सांगितलं, पाणी कमी पिता, म्हणून होतो. आता हे खोटं कसं म्हणू? ड्युटीवर बाईमाणूस पाणी पितं ते पुढचा थांबा कुठला आणि तिथं जाण्यासारखी जागा आहे का हे बघूनच. पण गंमत अशी, की तेव्हा मला तहानही फार लागायची. रात्री दोन-तीनदा उठायचं, तांब्याभर पाणी प्यायचं, पुन्हा लघवीला. पोट कायम जड, चार-चार दिवस साफ नाही. आणि विसरभोळेपणा. एका बाईला पन्नासचे सुट्टे दोनदा दिले, तेही ती स्वतः म्हणाली म्हणून कळलं. हिशेबाला बसलं की वीस-तीस रुपये कमी भरायचे, ते खिशातून घालायचे. घरी मुलीवर विनाकारण ओरडायचे आणि मग मोरीत जाऊन रडायचे.

मुतखड्याची फाईल एका पिशवीत, हाडांची दुसऱ्या पिशवीत. दोन्ही पिशव्या एकाच कपाटात, एकीवर एक ठेवलेल्या होत्या.

फेब्रुवारी २०२३. चिपळूणला निघालेली गाडी. हेळवाक सोडलं की कुंभार्ली घाट सुरू होतो. त्या घाटात कसं उभं राहायचं हे अंगाला पाठ असतं. डावा हात सीटच्या दांड्याला, उजव्यात तिकिटाचं मशीन, पाय फाकून, गुडघे जरा ढिले. एका वळणावर समोरून एक दुचाकीवाला चुकीच्या बाजूनं आला आणि आमच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला. तसा काही फार जोरात नाही, असे ब्रेक दिवसातून दहादा लागतात. मी पडले नाही. कुणावर आदळले नाही. दांडा धरलेला होता तो धरलेलाच राहिला. फक्त मनगटाच्या चार बोटं वर, आत, ओली काटकी मोडावी तसा आवाज आला. तो मला एकटीलाच ऐकू आला असं वाटलं, पण समोरच्या सीटवरची बाई म्हणाली, "काय मोडलं?"

मशीन मी खाली पडू दिलं नाही, एवढं मात्र आठवतं. त्या बाईनं स्वतःची ओढणी काढून माझ्या गळ्यात झोळी बांधली. पोफळीपर्यंत मी तिच्या शेजारी बसून गेले. चौदा वर्षांत गाडी चालू असताना घाटात बसून जायची पहिलीच वेळ.

प्लॅस्टर सहा आठवड्यांचं होतं. मी घरी, आणि तिकडं १७ मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट सुरू झालं. मैत्रिणींचे फोन यायचे, "बाई गं, पाय ठेवायला जागा नाही गाडीत, तू सुटलीस." मी सुटले नव्हते. सहाव्या आठवड्याला फोटो काढला तर हाड जुळलेलंच नव्हतं. आणखी चार आठवडे. त्या दुसऱ्या वेळी दोन्ही हातांचे फोटो काढायला सांगितलं, आणि तिथं एक्स-रे वाचायला एक नवा, पोरगेलासा डॉक्टर होता.

त्यानं माझा फोटो दिव्याच्या पेटीवर लावला, मग काढला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. बराच वेळ. मोडलेल्या जागेकडं तो बघतच नव्हता, बोटांकडं बघत होता. मला वाटलं, चुकून दुसऱ्याचा फोटो घेतला याने. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, तुम्हाला कधी मुतखडा झाला होता का?"

हात मोडलेल्या बाईला मुतखड्याचं विचारणारा हा पहिला माणूस.

त्यानं मला दाखवलं. तर्जनी आणि मधल्या बोटाचं मधलं पेर, त्याची अंगठ्याकडची कड. निरोगी हाडाची कड पेन्सिलीनं ओढल्यासारखी सलग असते. माझी कड कुरतडलेली होती, वहीचा कोपरा उंदरानं खावा तशी बारीक बारीक. "हे एकाच आजारात असं दिसतं," तो म्हणाला, आणि चिठ्ठीवर तीन-चार तपासण्या लिहून दिल्या. पहिली होती रक्तातलं कॅल्शियम.

रिपोर्ट आला तो सांगते. कॅल्शियम १२.६. साधारण ८.५ ते १०.५ असायला हवं. फॉस्फरस कमी. अल्कलाइन फॉस्फटेज ८६०, म्हणजे नको तितकं. ड जीवनसत्त्व ९, म्हणजे नसल्यातच जमा. आणि पीटीएच नावाचा एक हार्मोन, जो ६५च्या आत पाहिजे, तो ९४०.

मी म्हटलं, लॅबचं चुकलं. कॅल्शियम जास्त असेल तर हाडं कशी मोडतील?

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे हार्मोनवाल्या डॉक्टरांनी, हे मला दोनदा समजावून सांगितलं. दुसऱ्या वेळी समजलं, कारण मी ते मनातल्या मनात एसटीत नेऊन बसवलं.

गळ्यात थायरॉईड असतो तो सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या मागच्या बाजूला चिकटून चार बारक्या ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुतेक माणसांत चारच. एकेकीचं वजन तीस ते पन्नास मिलिग्रॅम. त्या पॅराथायरॉईड. थायरॉईडशी त्यांचा संबंध शेजाराचा, कामाचा नाही. त्यांचं काम एकच, रक्तातलं कॅल्शियम मोजत राहणं. म्हणजे चेकर. रक्तातलं कॅल्शियम ही आपल्या गळ्यातल्या पिशवीतली रोकड. त्यावर हृदय चालतं, नसा चालतात, स्नायू आखडतात नि सैल होतात. रोकड कमी झाली की चेकर चिठ्ठी काढतो, ती चिठ्ठी म्हणजे पीटीएच. चिठ्ठी मूत्रपिंडाला जाते की लघवीतून कॅल्शियम सोडू नको, फॉस्फरस सोड, आणि ड जीवनसत्त्व कामाला लाव म्हणजे आतडं जेवणातलं जास्त कॅल्शियम ओढेल. आणि हाडांना जाते, की तिजोरी उघडा. अंगातलं नव्याण्णव टक्के कॅल्शियम हाडांत असतं. रोकड पुरेशी झाली की चेकर गप्प बसतो.

माझ्या चारातला एक चेकर बिघडला होता. पिशवी भरून वाहतेय आणि हा लिहितोय, कमी आहे, कमी आहे. रोज, चोवीस तास. त्यात मी वरून गोळ्या खात होते. हाडं रिकामी होत होती आणि त्यांतलं निघालेलं कॅल्शियम रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात. मूत्रपिंड चिठ्ठी पाळून अडवायचं तेवढं अडवतं, पण येणारा लोंढाच इतका असतो की लघवीतही जास्तच उतरतं, आणि तिथं त्याचे खडे होतात. माझे दोन मुतखडे म्हणजे माझीच हाडं होती, असं म्हटलं तर डॉक्टर हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

हाडात नेमकं काय होतं तेही मी विचारलं. हाड रोज पाडलं जातं आणि रोज बांधलं जातं. पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. मला वाटलं हा हार्मोन जाऊन पाडणाऱ्यांना उठवत असेल. तसं नाही. तो जाऊन बोलतो बांधणाऱ्या गवंड्याशी, आणि गवंडी हाक मारतो पाडणाऱ्यांना. म्हणजे पाडापाड आणि बांधकाम दोन्ही वेगात सुरू होतं, आणि पाडणारे कायम दोन पावलं पुढं. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलं होतं ते गवंड्यांच्या या धावपळीनं.

आणखी एक गोष्ट, जी मी प्रत्येकीला सांगते. हाडं दोन जातीची. एक बाहेरचं घट्ट कवच, एक आतली जाळी. म्हातारपणी, पाळी गेल्यावर जी हाडं ठिसूळ होतात त्यात आधी जाळी जाते, म्हणून पाठीच्या मणक्यांपासून सुरुवात होते. या आजारात मार जास्त बसतो तो कवचाला. आणि मनगट ते कोपर यांमधलं हाड, मनगटाकडून एक तृतीयांशावर, जवळजवळ सगळं कवचच असतं. म्हणून हाडांची घनता मोजणारं डेक्सा मशीन नुसती कंबर आणि खुबा बघून सोडून दिलं तर हा आजार निसटू शकतो. हात बघावा लागतो. माझा कमरेचा आकडा उणे २.४ होता, हाताचा उणे ४.७. उणे २.५च्या खाली गेलं की हाडं ठिसूळ धरतात. आजार अंगात फार मुरला की मग मणकेही सुटत नाहीत, आणि माझे दोन दबले होते. डॉक्टरांनी मला भिंतीला टेकून उभं केलं, उंची मोजली, आणि नोकरीच्या कागदावरच्या उंचीतून वजा केली. चार सेंटिमीटर. तेव्हा मला तो मेकॅनिक आठवला.

इथं एक सावधगिरीची गोष्ट. पीटीएच वाढलेला दिसला की गळ्यात गाठच आहे असं नसतं. ड जीवनसत्त्व फार कमी असेल, किंवा मूत्रपिंडं थकली असतील, तर चांगल्या चेकरलाही ओरडावंच लागतं, कारण तेव्हा रोकड खरंच कमी असते. म्हणून कॅल्शियम आणि पीटीएच एकत्र बघायचं. कॅल्शियम जास्त असूनही पीटीएच गप्प बसत नाही, तेव्हा चेकरवर संशय. मैत्रिणीच्या बहिणीनं माझं ऐकून नुसता पीटीएच करून घेतला आणि दोन रात्री झोपली नाही. तिचं ड कमी निघालं, बस्स.

डॉक्टर म्हणाल्या, परदेशात हा आजार बहुतेक वेळा काही त्रास व्हायच्या आधीच सापडतो. १९७०च्या दशकापासून तिकडं रक्त दिलं की मशीन इतर गोष्टींबरोबर कॅल्शियमही मोजून टाकतं, मग आकडा जरा वाढलेला दिसला की शोध सुरू. आपल्याकडं माणूस मोडलेलं हाड घेऊन येतो, आणि वयानंही तरुण असतो. त्यात ड जीवनसत्त्व अंगात नसलं की हाडांची दशा आणखी वाईट. रक्तातल्या कॅल्शियमची तपासणी दोन-अडीचशे रुपयांची. माझ्या दीड वर्षाच्या गोळ्यांचं बिल मी काढलं नाही, काढलं असतं तर पुन्हा कुणाशी तरी भांडले असते.

पुढं ती गाठ शोधायची होती. आधी सोनोग्राफी, मग एक स्कॅन, ज्यात शिरेतून किरणोत्सारी औषध देतात आणि यंत्राखाली दोनदा निजवतात, लगेच एकदा आणि दोनेक तासांनी पुन्हा. थायरॉईडमधून औषध ओसरतं, बिघडलेल्या ग्रंथीत रेंगाळतं. माझी डावीकडची खालची रेंगाळली. मला आधी धाकधूक होती, कारण शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंची दुसरी खेप होती, पहिल्यांदा सापडलीच नव्हती. या ग्रंथी कधी कधी जागा सोडून छातीतही बसलेल्या असतात म्हणे.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सर्जनच्या हाताखालचा एक डॉक्टर सही घ्यायला आला. कागदावर नोकरी वाचली आणि म्हणाला, "ताई, या ऑपरेशनचा पहिला यशस्वी पेशंट तुमच्याच लाईनचा होता." मला वाटलं धीर द्यायला काहीतरी सांगतोय. पण खरं निघालं. व्हिएन्ना शहरात अल्बर्ट नावाचा ट्रामचा कंडक्टर होता. हाडं दुखायची, मग मांडीचं हाड मोडलं, कुबड्यांवर आला. तेव्हा डॉक्टरांत असा समज होता की हाडं खराब झाल्यामुळं ही ग्रंथी सुजते, बिचारी हाडांना मदत करायला. म्हणून फेलिक्स मांडल या सर्जननं आधी उलटंच केलं, दुसऱ्या माणसाच्या पॅराथायरॉईड ग्रंथी आणून त्याच्या अंगात बसवल्या. उपयोग शून्य. मग १९२५ साली त्यानं अल्बर्टचा गळा उघडला, सुजलेली ग्रंथी सापडली ती काढून टाकली, आणि माणूस चालायला लागला.

म्हणजे त्यालाही आधी उलटं औषध मिळालं होतं. माझ्या गोळ्यांसारखंच.

"मग पुढं?" मी विचारलं. तो पोरगा घुटमळला. काही वर्षांनी दुखणं परत आलं आणि १९३६ला अल्बर्ट गेला. सही घ्यायला आलेल्या माणसानं हे सांगायला नको होतं, पण विचारलं मीच. मग सावरून घेत त्यानं एका अमेरिकन जहाजाच्या कप्तानाचं सांगितलं. त्याची उंची सात इंचांनी कमी झाली होती, आणि १९३२ला सातव्या ऑपरेशनला छातीत गाठ सापडली. तोही पुढं जगला नाही. मी म्हटलं, "बाळा, आता जा तू." मग हसू आलं मला. सात इंच! मी चारच सेंटिमीटरवर डेपोत भांडण काढलं होतं.

आणि हो, या ग्रंथी पहिल्यांदा कुणात दिसल्या, तर गेंड्यात. आपल्याच, भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तो मेला आणि रिचर्ड ओवेन नावाच्या शास्त्रज्ञानं त्याला उघडून बघितलं, १८५०च्या आसपास. माणसात त्या शोधून त्यावर लिहिलं ते १८८०ला, स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉमनं. हे मला मुलीनं फोनवर वाचून दाखवलं, मी नाकात नळी घालून पडले होते तेव्हा.

ऑपरेशनची माझी आठवण नाही. काढलेली ग्रंथी नंतर फोटोत दाखवली. जांभळाएवढी, तपकिरी. वजन ३.२ ग्रॅम. पन्नास मिलिग्रॅमच्या जागी. टेबलावरच रक्त काढून बघतात, कारण हा हार्मोन रक्तात काही मिनिटांतच निम्मा होतो. दहा मिनिटांत अर्ध्याहून खाली आला म्हणजे चोर सापडला. माझा ९४०वरून ११०वर आला होता. उरलेल्या तीन ग्रंथी तशाच ठेवल्या. इतकी वर्षं त्या झोपून होत्या, त्यांना जागं व्हायला वेळ लागतो.

आणि तोच वेळ अवघड असतो. हे मला आधी सांगितलं होतं, पण सांगणं आणि होणं यांत फरक आहे. दुसऱ्या दिवशी रात्री ओठांभोवती मुंग्या आल्या. मग बोटांच्या टोकांना. मी गप्प पडून राहिले, म्हटलं सुईमुळं असेल. पहाटे उजवा हात आपोआप आखडला. अंगठा तळव्यात ओढला गेला, बोटं सरळ राहून एकमेकांना चिकटली, कुंकवाच्या डबीतून चिमूट घेताना होतात तशी. सोडवता येईना. मी दुसऱ्या हातानं बेल दाबली. सिंगल बेल. नर्स धावत आली.

कॅल्शियम ६.९वर गेलं होतं. १२.६ असलेल्या बाईचं तीन दिवसांत ६.९. डॉक्टर याला हंग्री बोन म्हणतात, भुकेली हाडं. पाडणाऱ्यांना चिठ्ठी येणं बंद होतं, पण गवंडी तर पूर्ण वेगात असतात. हाडं रक्तातलं मिळेल ते कॅल्शियम ओढून घ्यायला लागतात, किती वर्षांचा उपास सुटल्यासारखी. छातीला तारा लावून, हृदयाचा आलेख बघत बघत, सलाईनमधून हळूहळू कॅल्शियम दिलं. पुढं कित्येक आठवडे मी मूठभर कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून चार वेळा खात होते, जोडीला ड जीवनसत्त्वाची कामाला लागलेली जात. सासूबाई म्हणाल्या, "आधी खाल्ल्या म्हणून आजार वाढला म्हणता, आता त्याच खाताय." त्यांना काय उत्तर द्यावं मला अजून सुचलेलं नाही. त्याच गोळ्या, पण आता तिजोरीचं तोंड आतून बंद होतं.

वॉर्डात माझ्या पलीकडं बीडकडची एक पोरगी होती, सव्वीस-सत्तावीसची. तिच्या जबड्यात गाठ आली होती. दातांच्या डॉक्टरांना वाटलं ती कापायची गाठ आहे. ती निघाली याच आजाराची. हाड जिथं फार पोखरतं तिथं तंतू आणि रक्त साचतं, रक्तातल्या लोहानं त्याला तपकिरी रंग येतो, म्हणून तपकिरी गाठ म्हणतात. कॅन्सर नव्हे. गळ्यातली ग्रंथी काढली की बहुतेक वेळा ती आपणहून भरून येते. आम्ही अजून फोनवर बोलतो. तिचा जबडा न कापता सहा-आठ महिन्यांत सरळ झाला. फोटो पाठवते अधूनमधून, हसतानाचे.

एक गोष्ट ऐकून मात्र मी चक्रावले. हाच हार्मोन, त्याचाच एक तुकडा, हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांना रोज इंजेक्शननं देतात, हाडं भरायला. मी म्हटलं, हे कसं काय? डॉक्टर म्हणाल्या, दिवसातून एकदा थोड्या वेळापुरता आला आणि गेला, तर बांधणारे पुढं जातात. चोवीस तास बसून राहिला, तर पाडणारे. हे मला लगेच पटलं. चेकर दिवसातून एकदा गाडीत चढला तर सगळा हिशेब चोख राहतो. तोच कराडपासून चिपळूणपर्यंत मानेवर बसला, तर कुणाच्या हातून तिकीट धड फाटेल?

वर्षानं डेक्सा केलं. कमरेचा आणि खुब्याचा आकडा चांगला वर आला, हाताचा थोडाच. कवच भरायला उशीर लागतो म्हणे. तहान गेली. नडग्या दाबल्या तरी दुखत नाहीत. मुलीवर ओरडते, पण आता कारणानं. ऑपरेशननंतर पाच महिने रजा, मग तीन महिने डेपोत बसून काम, आणि २०२४च्या फेब्रुवारीत पुन्हा गाडीवर.

गळ्यावर वण आहे, घडीच्या रेघेसारखा. प्रवासी बायका बघतात आणि दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, "थायरॉईड का हो?" पूर्वी सांगत बसायचे. आता म्हणते, "त्याची शेजारीण," आणि पुढं सरकायला सांगते.

उंची काही परत आली नाही. दबलेले मणके दबलेलेच राहतात. म्हणून मी पिशवीत, सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात, परकराच्या नाडीचा हातभर तुकडा ठेवते. ड्युटी लागली की गाडीत चढल्यावर पहिलं काम ते, मधल्या सीटपाशी घंटीच्या दोरीला नाडी बांधायची, खाली गाठ मारायची, म्हणजे ओढायला धरता येते. उतरताना सोडून घ्यायची. परवा घाईत एका गाडीला तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तो मेकॅनिक ती हातात घेऊन माझ्याकडं आला. "ताई, दोरी खाली कुणी बांधली?"